जर्मनीतल्या कोलोनच्या कार्निव्हल मिरवणुकीत पहिल्यांदा चालताना

कार्निव्हल क्लबात तुम्हाला घेतलं, अभिनंदन! पोशाख एक माप मोठा घ्या, रोझेनमोन्टागच्या, म्हणजे मोठ्या मिरवणुकीच्या सोमवारच्या, थंडीत आत स्वेटर मावला पाहिजे. बूट मात्र जुने, पायात मुरलेले.

नवखे हमखास चुकतात ते 'कामेले', म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, उधळताना. पहिल्याच चौकात पोरं ओरडतात, आपण ओंजळीच्या ओंजळी रिकाम्या करतो आणि पुढे तासन्‌तास नुसते हात हलवत चालतो. मीही चाललोय! मूठमूठच टाका, वरून सोडा, तोंडावर नेम नको. फुलांचा गुच्छ हातातच द्यावा.

आणि कोलोनची आरोळी 'अलाफ'. 'हेलाऊ' प्रतिस्पर्धी शहर ड्युसेलडॉर्फची, तोंडून निघाली तर वर्षभर चेष्टा. आधीच्या गुरुवारी, बायकांच्या दिवशी, आवडता टाय घालू नका, बायका त्याला कात्री लावतातच.

बाकीचं ११ नोव्हेंबरला, ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम उघडला की बोलू.