‘माय फादर इज लेट’ लिहिलं तर चुकलं का?

प्रश्न : ताई, बाबा जाऊन दोन महिने झाले. बँकेत क्लेमचा अर्ज इंग्रजीत द्यायचा होता, मी लिहिलं ‘माय फादर इज लेट’, तर काउंटरवरची मुलगी गालातल्या गालात हसली. फॉर्मवर सगळीकडे ‘डिसीज्ड’ आहे पण टायपिस्टने अ‍ॅफिडेव्हिटवर त्याचं स्पेलिंग वेगळंच केलंय. नक्की काय लिहू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी ते अ‍ॅफिडेव्हिट बघा, कारण हसण्यापेक्षा ते महत्त्वाचं. डी नंतर ई आणि सी असेल तर मयत, आणि डी नंतर आय आणि एस आलं की रोगट! आपण बोलताना दोन्हीला डिसीज्डच म्हणतो म्हणून हा घोळ टायपिस्ट लोक हमखास करतात (खरं तर मयतवाल्याचा उच्चार शेवटी ‘स्ट’ असा होतो). चुकलं असेल तर नवीनच करून घ्या. गंमत म्हणजे या शब्दाचं लॅटिन मूळ ‘निघून जाणं’ असं आहे, म्हणजे आपण ‘बाबा गेले’ म्हणतो तेच. अमेरिकेतले वकील त्याच मुळातला ‘डिसीडंट’ वापरतात, आपल्याकडे तो नको.

आता लेट. हा शब्द माणसाच्या आधी चिकटून येतो, ‘माय लेट फादर’, आपल्या कै. सारखा. वाक्याच्या शेवटी टाकला की बाबांना यायला उशीर झाला असा अर्थ होतो, म्हणून ती मुलगी हसली, तरी हसायला नको होतं. आणि दक्षिण आफ्रिकेत, बोट्स्वानात ‘ही इज लेट’ म्हणजे सरळ वारला, तिथे तुमचं वाक्य बिनदिक्कत चाललं असतं. नावाआधी लेट लावताना इंग्रजीत ‘द’ लागतो, आपण तो खाऊन टाकतो. शिवाय लेट हा अलीकडे गेलेल्यांसाठी, २०१५ साली गेलेल्या कलामांना लावतील, शिवाजी महाराजांना कोणी लावत नाही.

‘एक्स्पायर्ड’ हॉस्पिटलवाले लिहितात, चूक नाही, पण मला तरी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीखच आठवते. ‘डिमाइज’ पण सगळ्यांना भारी वाटतो आणि शोकसभेच्या पत्रकात असतोच, पण तो मुळात वकिली शब्द, मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करणं. माणूस गेला की मालमत्ता पुढे जाते, म्हणून हळूहळू मृत्यू असा अर्थ चिकटला. जुना अर्थ अजून जिवंत आहे, लीज डीडमध्ये ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ दिसलं तर घाबरू नका, भाडेपट्ट्याने दिलेली जागा एवढंच.

तुमच्या अर्जात ‘माय फादर डाइड ऑन’ आणि पुढे तारीख, बास. फॉर्मवर जिथे डिसीज्ड छापलंय तिथे फक्त बाबांचं नाव, डेथ सर्टिफिकेटवर जसं आहे अगदी तसंच, लेट-बिट काही न लावता.