यंदाच्या दिवाळीत आभार कोणाचे मानायचे?

प्रश्न : माझ्या यजमानांची सुट्या भागांच्या कारखान्यातली नोकरी जानेवारीत गेली आणि अजून दुसरी मिळालेली नाही. मे महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. विम्यातून भागले नाही ती सगळी रक्कम थोरल्या दिरांनी भरली. दिवाळीला आम्ही सारे दरवर्षी कराडच्या घरी जमतो. यंदा अमेरिकेत शिकणाऱ्या पुतण्याने सुचवले आहे की, लक्ष्मीपूजनानंतर प्रत्येकाने या वर्षात आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सर्वांसमोर सांगावे, आणि जाऊबाईंनी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्केही करून टाकले आहे. मला मनापासून काही सुचत नाही. दिरांसमोर गेले की मान आपोआप खाली जाते. ‘आई वाचल्या, हे काय कमी आहे?’ असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे. मग मी कृतघ्न आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. तुम्हाला जे जाणवते आहे त्याला आपल्याकडे मिंधेपणा म्हणतात, आणि जोवर तो मनात आहे तोवर आभाराचा प्रत्येक शब्द हप्ता भरल्यासारखा वाटत राहणार. म्हणून आधी पैशाचे बोलणे उरकून घ्यावे, आणि तेही दिवाळीच्या आधी, कराडला पोहोचण्यापूर्वी.

हे बोलणे तुमच्या यजमानांनी आपल्या भावाशी करावे, शक्यतो समोरासमोर आणि दोघेच असताना. रुग्णालयात एकूण किती रक्कम भरली गेली, त्यातला आपला वाटा कोणता आणि तो केव्हापासून, कोणत्या रीतीने फेडता येईल, हे कागदावर लिहून न्यावे. नोकरी नसल्यामुळे तारीख सांगता येत नसेल तर ‘नोकरी लागल्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून’ असे सांगितले तरी चालते. भाऊ कदाचित म्हणतील, ‘अरे, ती माझीही आईच आहे, हिशेब कसला मांडतोस?’ तसे म्हणाले तर ते मोकळेपणाने मान्य करावे, कारण आईच्या उपचाराचा खर्च हे धाकट्यावर केलेले उपकार नव्हेत, ती दोघा मुलांची जबाबदारी आहे. आणि ज्याच्या हातात त्या वेळी पैसा होता त्याने तो भरला, इतकी साधी ती गोष्ट असू शकते. दोन्हीपैकी काहीही ठरले तरी ते एकदा बोलून ठरलेले असेल, आणि फराळाच्या ताटापाशी तो विषय न बोलता लोंबकळत राहणार नाही.

आता पुतण्याच्या कल्पनेविषयी. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. तो जिथे शिकतो तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण असतो आणि जेवणाच्या टेबलावर असे आळीपाळीने बोलण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पण याच सणाबद्दल एक गोष्ट त्याला आवर्जून सांगावी. दरवर्षी देशभर एकाच दिवशी तो साजरा करण्याचा पायंडा अब्राहम लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी काढलेल्या जाहीरनाम्यापासून पडला, तेव्हा तिथे यादवी युद्ध चालू होते आणि गेटिसबर्गच्या लढाईला जेमतेम तीन महिने झाले होते. चांगल्या पिकाबद्दल आणि भरभराटीबद्दल आभार मानायला सांगणाऱ्या त्या जाहीरनाम्यात युद्धामुळे विधवा आणि पोरक्या झालेल्यांची, शोकात असलेल्यांची आठवण ठेवण्याचे आवाहनही आहे. तेव्हा, ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे, ज्याला नको असेल त्याने नुसते ऐकावे, एवढी दुरुस्ती तुम्ही पुतण्याला फोन करून सुचवलीत तर प्रथेचा अवमान होत नाही. जाऊबाईंना मात्र ग्रुपवर उत्तर देऊ नये. तिथे साध्या वाक्यालाही नसलेला सूर चिकटतो.

एवढे झाल्यावर तुमचा खरा प्रश्न उरतो, की मनापासून काही सुचत नाही त्याचे काय. सबंध वर्षाबद्दल कृतज्ञ राहण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू नये आणि तुम्हीही स्वतःवर करू नये. ‘हे काय कमी आहे’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याने समोरच्याचे दुःख मोजून कमी भरते. नोकरी गेली हे वाईटच झाले, आणि सासूबाई बऱ्या झाल्या म्हणून ते चांगले होत नाही.

आभार वर्षाचे नव्हे, माणसाचे मानावेत. एका माणसाचे, एका विशिष्ट गोष्टीबद्दल. याला थोडाफार अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेले अशा व्यक्तीला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देण्यास काही जणांना सांगितले होते, आणि त्यांना वाटलेला आनंद पुढे महिनाभर तरी टिकलेला दिसला. कृतज्ञतेच्या अशा सगळ्या उपायांनी नैराश्य आणि चिंता किती कमी होते, याचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र परिणाम अल्पच आढळला. म्हणजे हे औषध नव्हे. पण दिवाळीत करून पाहायला हरकत नसावी.

मे महिन्यातले ते दिवस पुन्हा आठवून पाहावेत. रुग्णालयात रात्री कोण थांबले, तुमच्या घरी मुलांच्या जेवणाचे कोणी पाहिले, यजमानांची चौकशी न करता नुसते चहाला कोण येऊन बसले. त्यात कदाचित शेजारीण निघेल, एखादी परिचारिका निघेल, आणि जाऊबाईही निघतील. अशा एकीला चार ओळींची चिठ्ठी फराळाच्या डब्यासोबत द्यावी. दिरांना द्यायची असेल तर तिच्यात पैशाचा उल्लेख नको. ते शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बाकावर बसून राहिले असतील तर तेच लिहावे.

पाडव्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी सुचवतो. औक्षण झाल्यावर तबकात काय घालायचे, हा प्रश्न तुमच्या यजमानांना आठवडाभर आधीपासून टोचत असणार. त्यांना ताटकळत न ठेवता रक्कम दोघांनी आधीच ठरवून टाकावी, मग ती एक रुपया का असेना. भाऊबीजेला नणंदा येणार असतील तर त्यांनाही तुम्ही आधी सांगून ठेवावे. बहिणी हे चटकन समजून घेतात, अवघड वाटते ते भावालाच.

सासूबाईंना विसरू नये. मिंधेपणा घरात सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला आला असण्याचा संभव आहे, कारण दोन्ही मुलांचा खर्च आणि सुनांची धावपळ त्यांनी पलंगावरून पाहिली आहे. त्यांना ‘तुम्ही आराम करा’ असे म्हणून बाजूला बसवण्याऐवजी खुर्चीपाशी पाट-लाटणे मांडून करंज्या मुरडायला द्याव्यात. वेळ लागेल आणि काही करंज्या तळताना फुटतीलही.

एक सूचना काळजीपोटी. यजमानांची झोप उडाली असेल, ते कोणाशी बोलत नसतील किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करत असतील, तर सण उरकण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि ‘नोकरीचे काय झाले?’ हा प्रश्न कराडला कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर दोघांनी गाडीत बसण्यापूर्वी ठरवून ठेवावे, एकाच वाक्याचे आणि दोघांचे सारखे : ‘शोध चालू आहे, झाले की तुम्हाला कळवतो.’ त्यानंतर विषय बदलण्याची जबाबदारी तुमची.