ताजेपणा कुणाला हवा, ते आधी ठरव

प्रिय,

स. आ.

उद्यमनगरच्या दुकानदारांसाठी तू स्पेअर पार्टचं सर्च उभं करत आहेस, याचा मनापासून आनंद झाला. पण नोंदवलेलं बेअरिंग तिन्ही सर्व्हरवर लगेच दिसावं म्हणून दर सेकंदाला हार्ड कमिट (नोंदी डिस्कवर पक्क्या करणं) लावायचा तुझा बेत सोडून दे.

सोलर या सर्च सॉफ्टवेअरमध्ये नोंद शोधात दिसणं आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. सॉफ्ट कमिट नवा सर्चर, म्हणजे इंडेक्सचं (शोधसूचीचं) ताजं रूप वाचणारा भाग, उघडतो, त्यामुळे नोंद दिसू लागते. डिस्कवर सगळं पक्कं करण्याचा खर्च तो टाळतो. नोंदी घेणाऱ्या मुख्य सर्व्हरची (लीडरची) नक्कल ठेवणारा फॉलोअर मात्र हार्ड कमिट झालेल्या फायलीच उचलतो. म्हणून दोन्हींना एकच वेळ लावायचा मोह होतो, आणि तिथंच गाडी अडते.

सोलरच्या आतल्या ल्युसीन लायब्ररीचा सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचा एक तुकडा, एकदा लिहिला की बदलत नाही. दर सेकंदाच्या कमिटनं बारीक बारीक सेगमेंट साचतात, मग मर्ज त्यांना एकत्र करून नवी फाइल लिहितो. त्यातला मजकूर फॉलोअरकडे आधीच असतो, तरी फाइल नवी म्हणून ती पुन्हा अख्खी ओढावी लागते. मूळ सेटिंगमध्ये असा सेगमेंट 5 जीबीपर्यंत वाढू शकतो. भर दुपारी एवढी फाइल फॉलोअरवर उतरली की मेमरीतला जुना इंडेक्स बाहेर ढकलला जातो आणि गिऱ्हाइकाचा शोध रेंगाळतो. सेगमेंट मुद्दाम एकत्र करणारं रोज रात्रीचं ऑप्टिमाइझही बंदच कर, त्यात तर इंडेक्सचा बराच भाग नव्यानं लिहिला जाऊ शकतो.

मी असं करेन: दुकानदाराचा स्क्रीन थेट लीडरवर, तिथं सॉफ्ट कमिट 2 सेकंदांनी. हार्ड कमिट 60 सेकंदांनी, ओपनसर्चर फॉल्स ठेवून, म्हणजे त्यानं नवा सर्चर उघडू नये. नव्या फायली आहेत का, हे फॉलोअरनं लीडरला मिनिटाला एकदा विचारावं (पोलिंग). गिऱ्हाइकाला नोंद मिनिट-दोन मिनिटं उशिरा दिसली तर चालतं. फक्त ऑर्डर घेताना शिल्लक माल डेटाबेसमधून तपास, इंडेक्सवर विसंबू नकोस. आणि लॉगमध्ये ‘ओव्हरलॅपिंग ऑनडेक सर्चर्स’ दिसलं, तर कॅश (हाताशी ठेवलेली उत्तरं) गरम व्हायच्या आतच पुढचा सर्चर उघडतोय असं समज. तेव्हा 2 सेकंदांचे 5 कर, किंवा ऑटोवॉर्म, म्हणजे नव्या सर्चरची कॅश आधीच भरून ठेवणं, कमी कर.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याचे भाव दाखवायचे असते, तर मी वेगळं सांगितलं असतं. ताजा भाव सगळ्यांनाच लागतो, म्हणून तिथं सोलरक्लाउडच्या (सोलरचे अनेक सर्व्हर जोडून चालवायच्या पद्धतीच्या) एनआरटी, म्हणजे जवळजवळ तत्काळ, रेप्लिका घ्याव्यात: प्रत्येक सर्व्हर स्वतः इंडेक्स करतो, फायली ओढण्याची वाट बघत नाही. मात्र इंडेक्सिंगचं काम प्रत्येक सर्व्हरवर पुन्हा होतं. तुझ्या तीन लहान मशीनना तो भार आज नको.

दोन-चार दुकानांत काउंटरमागे बसून बघ, माल नोंदवल्यावर कोण काय शोधतं. आठवडाभर रेप्लिकेशनमध्ये (फॉलोअरनं फायली ओढताना) दर वेळी किती एमबी ओढले जातात तेही टिपून ठेव आणि मला पाठव. पोलिंगचा वेळ त्यावरून ठरवू.

तुझा,
काका