मुलीची माफी मागा, भिंतीचा हिशोबही मागा

प्रश्न : मास्तर, आमच्या वाड्यावरच्या ओहोळाला पंचायतीने बांधलेली संरक्षक भिंत पहिल्याच पावसात कोसळली. ग्रामसभेत मी त्याबद्दल विचारलं. आमचे पंच उडवाउडवी करू लागले तेव्हा माझा तोल गेला. म्हणालो, "भिंतीचे पैसे तुमच्या मुलीच्या लग्नात गेले." मुलगी माहेरी आलेली, मागच्या बाकावरच बसली होती. आता सगळा वाडा म्हणतो, माफी माग. आई म्हणते, यंदा चवथीला त्यांची माटोळी, गणपतीवर बांधलेली फळाफुलांची आरास, बघायला कुठल्या तोंडाने जाऊ? पण बोलण्याचा हक्क मला घटनेने दिलाय. पंचांना जाब विचारला म्हणून माफी का मागायची?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : जाब विचारल्याबद्दल मुळीच मागू नका. पोर्तुगीज अमलात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे जायची. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया बंदी झुगारून सभेत बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. त्या गोव्यातल्या माणसाला मी गप्प बस असं कधीच सांगणार नाही.

पण तुम्ही एका दमात दोन गोष्टी बोललात. भिंत का पडली, हा प्रश्न. पैसे लग्नात गेले, हा आरोप, आणि त्याचा एकही पुरावा तुमच्या पत्रात नाही. घटनेच्या ज्या १९ व्या कलमात तुमचा हक्क आहे, त्याच कलमात वाजवी निर्बंधही आहेत आणि त्यांत बदनामीचा उल्लेख आहे. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो गुन्हा ठरतो. पंचांच्या सार्वजनिक कामावर सद्भावनेने केलेली टीका त्यातून सुटते. मुलीचं लग्न हे पंचायतीचं काम नव्हे.

कायदा राहू द्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या जनमत कौलाच्या वेळी, जानेवारी १९६७ मध्ये, मी तेरा वर्षांचा होतो. वडील फूल या निशाणीचे, म्हणजे विलीनीकरणवाले. शेजारी राहणारे काका दोन पानांचे, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारे. एकाच्या हातात दैनिक 'गोमन्तक', दुसऱ्याच्या 'राष्ट्रमत', आणि मूळ घराच्या सोप्यावर रोज रात्री कडाक्याचा वाद. मला तो फार आवडायचा. दोघेही मुद्द्याला मुद्दा द्यायचे. एका रात्री वडिलांकडचे मुद्दे संपले. ते म्हणाले, "तुझी बायको नाचवते तसा तू नाचतोस." काकू चहा घेऊन दारातच उभी होती. कौल लागला : दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०. हा पराभव वडिलांनी आठवड्यात पचवला. काकू मात्र पुढच्या नऊ चवथी मूळ घरात आली नाही. त्या रात्री वाद कशावर चालला होता, ते आज कोणालाच आठवत नाही. काकूबद्दलचं ते वाक्य सगळ्यांना आठवतं.

तुमच्याकडेही तेच झालंय. वाडा आता भिंतीबद्दल बोलतच नाही, त्या मुलीबद्दल बोलतो. ज्यांना उत्तर द्यायचं होतं ते पंच अलगद सुटले, आणि त्यांना तुम्हीच सोडवलंत. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण तुमचा प्रश्न खरा होता. पाऊस तर पुढच्या वर्षीही येणार आहे.

आधी माहितीच्या अधिकाराखाली पंचायतीकडे अर्ज करा. अंदाजपत्रक किती रुपयांचं होतं, ठेका कोणाला दिला, मोजमाप वहीवर सही कोणाची, बिल कधी फेडलं, एवढंच विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. भिंतीचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

मग आईला बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा. माफी पंचांची नव्हे, मुलीची मागा. "तुझं नाव मध्ये आणायला नको होतं, चुकलो," एवढं पुरे. त्याला 'पण' जोडू नका. पुढच्या ग्रामसभेत तेच वाक्य सगळ्यांसमोर म्हणा, कारण तिचा अपमान सगळ्यांसमोर झाला होता. म्हणून झालं की खाली बसू नका. मिळालेले कागद काढा आणि भिंतीचं पुन्हा विचारा.