बाटलीत दूध दाखवायला नेऊ नकोस

अगं, तुझी पोस्ट वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीची मीच आठवले. दोन महिन्यांचं बाळ, सासूबाई म्हणतात तुझं अंगावरचं दूध पातळ आहे तूप वाढव, तू वजनाच्या भीतीनं तूपच बंद केलंयस, आणि शाकाहारी म्हणून ओमेगा-३ चं (बाळाच्या वाढीला लागणारं एक फॅट) टेन्शन वेगळं. (लहान असशील म्हणून अगंतुगं करतेय, रागावू नको.) कसं पाजायचं वगैरे तुला माहीतच असेल, ते सोडते.

माझा गाढवपणा ऐक. बाळाचं वजन हळू वाढतंय वाटलं म्हणून इथे इंदूरलाच एका दवाखान्यात गेले, नाव नाही घेत. त्यांनी दूध आणायला सांगितलं. बाळ रात्री चक्क पाच तास झोपलेलं, सकाळी छाती दगडासारखी, मी पहिल्याच धारा छोट्या बाटलीत पिळून नेल्या. काउंटरवरच्या बाईंनी बाटली उजेडात धरली, "मैडम, ये तो पानी है." झालं! डब्याचं दूध लिहून दिलं आणि मी सुरूही केलं. त्यानं पोट भरलं की बाळ ओढेना, आणि ओढलं नाही की दूध बनत नाही, महिन्याभरात माझं दूध खरंच निम्म्यावर आलं. वर दिवसाला चार डिंकाचे लाडू. दूध काही घट्ट झालं नाही, मी मात्र झाले.

नंतर दुसरीकडच्या एका सिस्टरांनी दोन बाटल्या भरायला लावल्या, एक पाजायच्या आधीची, एक पाजून झाल्यावरची. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी पहिलीवर सायीचा जेमतेम पापुद्रा आणि खाली निळसर दूध, दुसरीवर चांगला जाड पिवळट थर. बाई तीच, जेवण तेच! छाती जितकी भरलेली तितकं दूध पातळ, रिकामी होत जाते तशी साय वाढते. म्हणून घड्याळ लावून बाजू बदलू नकोस, बाळाला स्वतः सोडू दे.

आता तूप. दुधात साधारण ३ ते ५ टक्के फॅट असतं, बाळाच्या जवळपास निम्म्या कॅलरी त्यातूनच येतात, आणि तू तूप खाल्लंस न खाल्लंस तरी हा आकडा फारसा हलत नाही. बदलतो तो फॅटचा प्रकार, तोही काही तासांतच. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना बनणारं वाईट फॅट) तर सरळ दुधात उतरतं. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी बाहेरची कचोरी-जिलबी कशात तळलीय ते विचारायला लाजू नकोस.

जवस, म्हणजे आपल्या इथली अलसी, आणि अक्रोड जरूर खा, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळं, त्यानं दुधातलं डीएचए (बाळाच्या मेंदूला-डोळ्यांना लागणारं ओमेगा-३) वाढत नाही. मी तीन महिने जवसाची चटणी खाऊन खुशीत होते. डीएचए माशांतून मिळतं, नाहीतर शेवाळापासूनच्या कॅप्सूल येतात, रोज २०० मिलिग्रॅम तरी हवं म्हणतात. मी डॉक्टर नाही हं, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घे.

आणि तूप पूर्ण बंद कशाला? पहिले सहा महिने आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) रोज ६०० कॅलरी जास्त घ्यायला सांगते, हे दिवस डाएटिंगचे नाहीत. सासूबाईंचा एक लाडू खा, चार नको.

वजन मात्र दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून कर. आमच्या दोन ठिकाणच्या काट्यांत दोनशे ग्रॅमचा फरक निघाला, आणि आमचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं होतं.