आई-वडिलांसोबत बसून बघता येईल अशी अलीकडची वेब सिरीज कोणती? आणि लोकांच्या मतांवर कितपत भरवसा ठेवायचा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात मी जास्त पोळलेय. एकाच सिरीजला कोणी ‘मस्ट वॉच’ म्हणतं, कोणी ‘डोक्याला ताप’, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून "आवडली का?" हे मी विचारायचंच सोडलंय. मी विचारते, "बघताना मोबाईल कधी हातात घेतलास?"

ही कसोटी माझी नाही, जत्रेतली आहे. आमच्या गोव्यात, फोंड्याच्या बाजूला देवळातल्या उत्सवी नाटकाला कोणी समीक्षा लिहीत बसत नाही. पहिल्या अंकाला मंडप भरलेला असतो. तिसऱ्या अंकात माणसं उठून खाज्यांच्या दुकानाकडे वळली, की पडद्यामागच्याला कळायचं ते कळतं. काका स्वतः अशा नाटकांत कामं करायचे. ते म्हणायचे, टाळ्या मोजू नयेत, उठलेली माणसं मोजावीत.

आता ‘पाताल लोक’चा दुसरा सीझन घ्या, २०२५च्या जानेवारीत प्राइमवर आलेला. शेजारची म्हणाली, "काही कळलंच नाही, नुसता गोंधळ." विचारलं तर कळलं, बाई बांगडे भाजता भाजता ऐकत होती! पोलीस अधिकारी हाथीराम चौधरीचा तपास या वेळी नागालँडला जातो, आणि तिथले बरेचसे संवाद नागामीज भाषेत आहेत. खाली सबटायटल वाचली नाहीत तर कळणार काय? मला तर तेच आवडलं, की नागालँडची माणसं हिंदी सिनेमासाठी उगाच हिंदी बोलत नाहीत. हाथीराम झालेला जयदीप अहलावत दमलेल्या चेहऱ्यानेच अर्धं काम करून जातो. पण शिव्या आणि रक्तपात भरपूर, त्यामुळे आई-वडिलांसोबत नकोच.

‘पंचायत’, म्हणजे एका गावच्या पंचायतीभोवती फिरणारी हिंदी सिरीज, सगळेच सुचवतील. २०२३ साली पणजीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, वेब सिरीजसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला, तो हिच्या दुसऱ्या सीझनला मिळाला, आणि योग्यच मिळाला. त्याच्या शेवटच्या भागात गावच्या उपप्रधान प्रल्हादच्या घरी जी बातमी येते, तेव्हा आमच्या घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाबा तर "पाणी पिऊन येतो" म्हणून गेले ते नावं येऊन गेल्यावरच परतले. २०२५चा चौथा सीझन मात्र मला लांबलेला वाटला. दुधी विरुद्ध प्रेशर कुकर अशी दोन निवडणूक चिन्हं, आणि सगळा वेळ निवडणूकच. माझा एक मामा एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पंच म्हणून उभा राहिला होता, त्यामुळे सांगते, गावच्या निवडणुकीत खरी गंमत प्रचारात नसते. सामाईक भिंतीपलीकडचा माणूस विरोधात असतो आणि चतुर्थीला त्याच्याकडे आरतीला जावंच लागतं, गंमत त्यात असते. पहिल्या दोन सीझनमध्ये हे होतं. चौथ्यात मी तीनदा मोबाईल घेतला. बाबांनी एकदाही नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

मराठीत हवी असेल तर डोळे मिटून ‘लंपन’ लावा, सोनी लिव्हवर आहे. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरून निपुण धर्माधिकारीने केलीय. २०२४च्या इफ्फीत वेब सिरीजचा पुरस्कार हिलाच मिळाला. आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे आणून ठेवलेला मुलगा, एवढीच गोष्ट. त्यातली कानडी हेलाची मराठी ऐकून माझ्या आईला तिची बेळगावची मावशी आठवली, आणि पुढचा अर्धा तास सिरीज थांबवून आम्ही मावशीच्याच गोष्टी ऐकल्या. गीतांजली कुलकर्णींची आजी माया करते ती ओरडता ओरडता. भाच्याने हीच सिरीज दीडपट वेगाने बघितली आणि वर "बोअर आहे" म्हणाला. अरे, कण्हेरी पेज गटागटा प्यायलास तर चव कसली लागणार? असल्या मताला मी शून्य किंमत देते.

आता ज्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलू शकते ती इंग्रजी सिरीज, नेटफ्लिक्सवरची ‘अ‍ॅडोलेसन्स’. मार्च २०२५, चारच भाग. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पहाटे घरातून उचलतात. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये एकही कट नाही. रंगमंचावर एकदा प्रवेश सुरू झाला की जसं थांबता येत नाही, तसं. ओवेन कूपर या पोराचं पडद्यावरचं हे पहिलंच काम, आणि पंधराव्या वर्षी टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार घेऊन गेला.

आईला इंग्रजी फारसं समजत नाही. पहिले दोन भाग मी शेजारी बसून हळूहळू कोकणीत सांगत होते. तिसऱ्या भागात जवळजवळ सगळा वेळ एका खोलीत दोघंच, तो मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. मध्ये टेबल, त्यावर तिने आणलेलं सँडविच आणि गरम चॉकलेटचा कप. मुलगा क्षणात लाडात येतो, क्षणात अंगावर ओरडत उठतो. मी सांगायला तोंड उघडलं तर आईने हातावर हात ठेवला, "राव, सांगूं नाका." म्हणजे थांब, सांगू नकोस. पुढे मी काहीच सांगितलं नाही. भाग संपल्यावर तिने एवढंच विचारलं, की याचे आई-बाप आता झोपत असतील का? चौथा भाग नेमका त्यांच्याबद्दलच आहे, हे तिला माहीत नव्हतं.

काही लोक म्हणतात, हळू आहे, खून कसा झाला ते नीट दाखवतच नाहीत. खरंय. तो शोधायला बसलात तर निराश व्हाल.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी ‘लंपन’, मग ‘पंचायत’चे पहिले दोन सीझन, आणि घरात कोणी तेरा-चौदा वर्षांचं असेल तर मोठ्यांनी आधी ‘अ‍ॅडोलेसन्स’ बघून घ्या. फक्त तिसरा भाग लावण्याआधी चुलीवरचा भात उतरवून ठेवा. आमचा करपला, आणि वास सगळ्यांना आला तरी कोणी उठलं नाही.