पाकिटावरची 'ॲसिडिटी'

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न: "लेकाने इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली कॉफी आणली. पाकिटावर 'ब्राइट ॲसिडिटी' असं कौतुकाने छापलंय. सासूबाई म्हणाल्या, पित्त होणार हे त्यांनीच लिहून दिलंय की! मराठीत याला 'आम्लता' म्हणावं का?"

ताई, सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे 'ॲसिडिटी' हा शब्द दवाखान्याच्या दारातून आला आणि छातीत जळजळण्यापाशीच थांबला. 'आम्लता' बरोबर आहे, पण तो माती परीक्षणाच्या अहवालात शोभतो. घोट घेऊन "वा, काय आम्लता आहे!" असं कोणी म्हणेल का?

शिवाय आपल्या कॉफीला या शब्दाची गरजच पडली नव्हती. गडद भाजलेली पूड, त्यात चिकोरी, वर भरपूर दूध, साखर आणि जायफळ. यातून आंबटपणा डोकं वर काढणार कुठून? यिर्गाचेफेची ही कॉफी मात्र हलकी भाजलेली असते, त्यामुळे बियांतली आम्लं बरीचशी टिकतात. त्यातलं सायट्रिक आम्ल लिंबात असतं, मॅलिक सफरचंदात.

मग नुसतं 'आंबट' म्हणावं? मी म्हणणार नाही. 'आंबूस' तर नकोच. तो ऐकला की नासलेलं दूध आठवतं. माझं मत 'आंबटगोड'ला, आणि 'ब्राइट'साठी 'रसरशीत'. आपल्याच जिल्ह्यातलं डाळिंब फोडा, चार दाणे दाताखाली धरा. नेमकी तीच चव अभिप्रेत आहे.

एक गंमत पाहा. कॉफीची फळं सोलल्यावर बियांवर जो चिकट गर उरतो, तो सुटावा म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या आंबवतात. म्हणजे ही कॉफी 'आंबवलेली' असू शकते, पण 'आंबलेली' नाही. डोशाचं पीठ आपण आंबवतो. उन्हाळ्यात झाकून विसरलेली आमटी आपली आपण आंबते. मधल्या एका 'व'ने केवढा फरक केला! आणि दिवसभर राबून अंग आंबतं ते वेगळंच.

'आंबटढाण' मात्र जपून ठेवा, चुकलेल्या कॉफीसाठी. पूड फार जाड राहिली किंवा पाणी पुरेसं गरम नसलं की आंबटपणा आधी उतरतो, गोडवा मागे राहतो. मी १५ ग्रॅम पुडीला २५० मिली पाणी घेतो, उकळी बसल्यावर अर्ध्या मिनिटाने. पूड कागदी गाळणीत घालून आधी थोडंसंच पाणी ओतायचं. पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. मग धार धरून बाकीचं. तीनेक मिनिटांत गाळणीतून सगळं खाली येतं. रंग पातळ, कोऱ्या चहासारखा. बघून हिरमुसू नका.

लगेच पिऊही नका. कोमट चहा पुढे करणं म्हणजे आपल्याकडे पाहुण्याचा अपमान, पण या कॉफीतली फळांसारखी चव ती कोमट झाल्यावरच कळते. तेव्हा भुरका मारा, चांगला आवाज करून. चव पारखणारेही तसंच करतात. घोटाबरोबर हवा आत गेली की वास नाकापर्यंत पोचतो.

राहिला पाकिटावरचा दुसरा शब्द, 'फ्लोरल'. त्याला विशेषण शोधू नका. आपण वासाला थेट फुलाचंच नाव देतो. यिर्गाचेफेच्या कॉफीला बहुतेक वेळा जाईचा वास येतो. "जाईचा वास येतोय" म्हणा, सासूबाईंनाही कळेल.